समुद्र मागे हटल्याची बातमी

देवबागचा समुद्र मी शंभर पावलं मागे हटवला, तोही कणकवलीत खुर्चीवर बसून.

आमदारसाहेबांचं मासिक वार्तापत्र मी लिहितो. देवबागला नवा दगडी बंधारा झाला, त्याची बातमी करायची होती. आदल्या पावसाळ्यातला एक फोटो ऑफिसात पडून होता. त्यात लाटा थेट माडांच्या मुळाशी. वैशाखात एका संध्याकाळी मी स्वतः जाऊन दुसरा फोटो काढला. समोर वाळूचं मैदान, समुद्र कुठेतरी लांब, पाहुण्यासारखा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, वर 'आधी' आणि 'आता' लिहिलं आणि मथळा दिला, 'बंधाऱ्याची किमया, समुद्र शंभर पावलं मागे!' मी पडलो कणकवलीचा. आमची गड नदी सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळीही सापडते. पहिला फोटो भरतीचा आणि दुसरा अमावास्येच्या ओहोटीचा, हे तीन हजार अंक वाटून झाल्यावर कळलं. कळवलं नर्मदाकाकीने, फोनवर.

"काय रे पेपरवाल्या! परशुरामाक बाण तरी मारूचो लागलो. तू नुसतो फोटो मारलंस?"

काकीला रागावण्याचा दुहेरी हक्क होता. एक तर ती आमच्या वार्तापत्राची देवबागची बिनपगारी वार्ताहर. दर महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन येतोच. "लिही. शिवाच्या चेडवाक नर्सिंगाक प्रवेश गावलो. फोटो धाडतंय. आमदाराचो बारीक कर, चेडवाचो मोठो घाल." कोणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, कोणाच्या होडीला नवं इंजिन आलं, कोण गेलं, सगळं तिच्याकडून. गेलेल्यांबद्दल ती एक ओळ जास्त सांगते आणि ती ओळ नेहमी चांगली असते.

दुसरा हक्क घराचा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, म्हणजे देवबाग. तिच्या अगदी टोकाजवळ काकीचं घर. बंधारा त्या घराच्या दीडशे मीटर अलीकडे संपतो. तिथे आधी दगड संपले की निधी, यावर गावात दोन मतं आहेत. माहेर शिरोड्याचं. लग्न होऊन इथे आली तेव्हा म्हणे घरातून समुद्र दिसायचाही नाही, नुसता ऐकू यायचा. नवरा भाई तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता, नऊ वर्षांपूर्वी वारला. मुलगा मितेश पर्यटकांना बोटीतून फिरवतो, सून रसिका घरातल्या दोन खोल्या भाड्याने देते. समुद्राने काकीचे सात माड नेले. ती सात म्हणत नाही, एकेकाची ओळख सांगते. "तो मामंजींचो. तो भाईन लायल्लो. तो मितेशच्या बारशाचो." बोट मात्र ती पाण्याकडे दाखवत असते.

आता आश्वासन समितीबद्दल सांगायला हवं. मंत्री सभागृहात 'करू' म्हणाले की ते वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि विधिमंडळाची ही समिती त्याची पाठ धरते, 'पूर्ण' असा शेरा पडेपर्यंत. उरलेल्या दीडशे मीटरचं आश्वासन आमच्या साहेबांनीच मिळवलं होतं आणि साहेब त्या समितीवर सदस्यही आहेत. सगळं जुळून आलेलं. तेवढ्यात संबंधित खात्याचं उत्तर आलं. उर्वरित बंधाऱ्याची आवश्यकता आता राहिलेली नाही. पुरावा म्हणून सोबत जोडलं होतं माझं पहिलं पान.

पुढच्या अंकात मी शुद्धिपत्र छापलं होतं, चौथ्या पानावर, दोन ओळी. पण शुद्धिपत्र कोणी पुरावा म्हणून जोडत नाही. साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. "तुझी भाषा फार चांगली आहे रे," एवढंच म्हणाले.

समिती पाहणीला येणार असं ठरलं. कोरडी वाळू बघून ती परत गेली की फाइल बंद आणि काकीचं अंगण समुद्राच्या नावावर. मी फोन केला.

"तिथी कोणची?" काकीने विचारलं.

"नारळी पौर्णिमेनंतर तिसरा दिवस. सकाळी दहाला."

पलीकडे बोटांवर हिशेब चालला होता. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, हे इथे पाढ्यांच्या आधी शिकवतात. "तिजेक सव्वादोनाक भरती. दहाक त्येंका वाळूच दिसतली. जेवक थांबव."

"काकी, जेवण कणकवलीला विश्रामगृहावर ठरलंय."

"रद्द कर."

समिती साडेदहाला आली. सात गाड्या, अध्यक्ष, सदस्य आणि खात्याचे अधिकारी. समोर माझ्या फोटोतल्यासारखीच वाळू. एका अधिकाऱ्याने माझं पान उघडून धरलं. मी माडाआड उभा राहिलो, पण माड बारीक होता.

"लिहिलंय छान," अध्यक्ष म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

तेवढ्यात काकी पदर खोचून पुढे झाली. ऑफिसातली मराठी तिला उत्तम येते. "साहेब, दारावरून उपाशी जाऊ नये. श्रावण आहे म्हणून वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. मासळी असती तर आग्रह करावा लागला नसता."

अंगणात समुद्राकडे तोंड करून टेबलं मांडलेली होती. काळे वाटाणे आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात. आदल्या दिवशी तिने आणखी काय काय करून ठेवलं असेल, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आधी तिने पाहुण्यांना माडांच्या जागा दाखवल्या, एकेकाच्या ओळखीसह. मग सरबत. मग वडे, एका वेळी एक. न फुगलेला वडा काकी पानात वाढत नाही आणि त्या दिवशी पाचातले तीन फुगतच नव्हते.

"रसिका, आज काकीचा हात बसत नाही काय गो?" मी हळूच विचारलं.

"गप ऱ्हवा," सून म्हणाली.

दीडच्या सुमाराला समुद्राचा आवाज बदलला. मग एक लाट वाळू ओलांडून अंगणाच्या कडेला टेकली, बघून परत गेली. पुढची टेबलाखाली आली. अध्यक्षांनी पाय वर घेतले. कडेला काढून ठेवलेल्या चपलाबुटांची दिंडी निघाली. त्या अधिकाऱ्याचा डावा बूट खाडीच्या दिशेने गेला, तेव्हा मला हसू फुटणारच होतं. पण पाणी थांबेना. टेबलं ओलांडून ते मागल्या विहिरीकडे गेलं आणि बुटक्या कठड्यावरून आत उतरलं. काकी हातात झारा घेऊन बघत होती. रसिकाने तोंड फिरवलं.

"हे असं नेहमी येतं?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"पुनवेक नि अमाशेक," काकी म्हणाली. ऑफिसातली मराठी या वेळी तिला सुचली नसावी.

अध्यक्षांनी उभ्या उभ्याच शेरा लिहिला. 'आश्वासन अपूर्ण. काम तातडीने हाती घ्यावे.' आमच्या साहेबांनी तो दोनदा वाचला. दगड अजून आलेले नाहीत, पण फाइल उघडी आहे. देवबागच्या भाषेत याला निम्मं काम झालं म्हणतात.

गाड्या गेल्यावर मी हात धुवायला मागल्या दारी गेलो. भिंतीला टेकून वाळूच्या गोणी रचलेल्या होत्या, चाळीसेक, वरच्या अजून कोरड्या. दर पावसाळ्यात मितेश त्या अंगणाच्या कडेला लावतो. गोणी असल्या की पाणी अंगणात येतं, पण विहिरीपर्यंत पोचत नाही. त्या कालपर्यंत पुढेच होत्या. घराच्या ज्या कोरड्या बाजूने त्या मागे ओढून आणल्या, तिथला चर अजून दिसत होता.

काकी विहिरीवर होती. तिने कळशीभर पाणी काढलं, चूळ भरली आणि थुंकून टाकली. खारट. आता दिवाळीपर्यंत पिण्याचं पाणी गावातल्या गंगारामच्या विहिरीवरून, दिवसाला सहा खेपा.

मला राहवलं नाही. "काकी, गोणी कशाला काढल्यात? विहीर तरी वाचली असती."

तिने कळशी पालथी केली.

"समुद्र मागे गेलो म्हणान तूच छापलंस मा, मगे गोणी कित्याक ठेवू?"