बँजो थांबवणारे तुळशीराम काका

माझ्या बापाच्या हातात रॉकेलचा डबा होता आणि बाहेर गल्लीत भीमजयंतीचा बँजो वाजत होता.

तुळशीराम काका आज सकाळी गेले. म्हणून हे पहिल्यांदाच लिहितेय. आईला विचारून लिहितेय.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. अंबरनाथला आमची चाळ, मधे गल्ली, टोकाला विहार. पप्पा कंपनीत फिटर. बाहेर एकदम हसतमुख माणूस. जयंतीच्या लेझीम पथकाचे लीडर. त्यांची शिट्टी वाजली की अख्खं पथक एकदम वाकायचं.

घरात आम्ही दोघी त्यांच्या सायकलच्या आवाजाला घाबरायचो.

स्टँड नीट लागला तर जेवण. सायकल भिंतीवर आदळली तर आई आधी काचेच्या बांगड्या काढून ठेवायची. फुटल्या की मनगटात घुसतात म्हणून.

मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया संध्याकाळी बांगड्या काढतात.

चाळीला माहीत नव्हतं असं नाही. पत्र्याच्या पार्टिशनमधून शिंकसुद्धा ऐकू जायची. पण पुरुष मंडळी टीव्हीचा आवाज वाढवायची. नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं.

त्यातल्याच एका वर्षी मागच्या चाळीतली एक बाई जळून गेली. स्टोव्हचा भडका उडाला म्हणाले. त्या घरात गॅस होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

काका त्या मयताला जाऊन आले आणि त्यांची झोपच उडाली. ते जयंती कमिटीचे अध्यक्ष, पप्पांच्याच कंपनीत कामाला. मिटिंगमध्ये त्यांनी सांगून टाकलं की ज्याच्या घरात बाई मार खाते, तो प्रतिमेच्या पुढे चालणार नाही. पप्पांच्या गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात घातली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळी खूश, काम फत्ते.

हा माणूस आता घरी जाणार आणि घरी कोण आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जयंतीची संध्याकाळ. बायका पांढऱ्या साड्या नेसून बाहेर पडल्या. आईनंही नेसली होती. पप्पांनी आतून कडी लावली.

ते रोज ओरडायचे. त्या दिवशी ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. हळू आवाजात म्हणाले, "ओरड किती ओरडायचं ते. आज कोणाला ऐकू जाणार नाय."

मग डबा उचलला.

आईची पांढरी साडी भिजली. मी तिला मागून मिठी मारली होती, माझा फ्रॉकही भिजला.

मिरवणूक आमच्या खोलीपुढे पोचली होती. फळीवरची ताटं थरथरत होती. पप्पा खिशात काडेपेटी शोधत होते.

आणि बँजो थांबला.

गाण्याच्या अगदी मधेच. मग ताशा, मग लेझीम. इतकं शांत झालं की मला माझंच रडणं ऐकू आलं. बाहेरही गेलंच असणार. पप्पांचा हात खिशातच राहिला.

नंतर कळलं, काका बायकांच्या रांगेत आईला शोधत होते. ती दरवर्षी पुढे असायची. दिसली नाही, तेव्हा आपण काय करून ठेवलंय ते त्यांच्या लक्षात आलं.

दारावर थाप पडली. "सुरेश, कडी काढ. सगळी मिरवणूक तुझ्या दारात उभी हाय. आता बँजो वाजणार नाय."

पप्पांनी कडी काढली.

काका आत आले. वास येताच दाराची चौकट धरून उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस. पप्पांकडे बघितलंही नाही. आईसमोर हात जोडले.

"ताई, चूक माझी हाय. ह्याला मिरवणुकीतून काढला आन् तुमच्याजवळ आणून सोडला."

दुसऱ्या दिवशी ते आईबरोबर चौकीत गेले. साहेब म्हणाले, घरगुती मॅटर आहे, मिटवून टाका. तक्रार घेईपर्यंत चाळीतले पुरुष बाहेर बाकड्यावर बसून राहिले. टीव्हीचा आवाज वाढवणारे, तेच पुरुष.

पप्पा भावाकडे उल्हासनगरला राहायला गेले. पण संध्याकाळी कोपऱ्यावर येऊन उभे राहायचे. मी दप्तर टाकून कॉटखाली शिरायचे.

मग काकांनी पाळ्या लावल्या. रोज कोणीतरी आमच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचा. पप्पा बघायचे आणि परत जायचे. एक दिवस यायचेच बंद झाले.

लोक विचारतात, पप्पा सुधारले का? मला माहीत नाही. ते घाबरले, एवढं माहीत आहे. आम्हाला तेवढं पुरलं.

माझा नवरा चांगला आहे. तरी जयंतीला बँजो वाजला की मी घराचं दार उघडंच ठेवते. त्यालाही कारण माहीत आहे.

आज दुपारी शिरगावातून, काका नंतर राहायला गेले होते तिथून, त्यांची अंत्ययात्रा निघाली. आई पुढे झाली आणि तिनं खांदा दिला. गुडघे दुखतात तिचे. कोणीतरी म्हणालं, मावशी, राहू द्या. तिनं ऐकलं नाही.

काका, तुम्हाला आईनं पोचवलं.

शेवटचा जयभीम.