हंसातला अंधुक तारा

लोणावळ्याच्या बाजूला, औंढ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत अमृत केदारी विज्ञान शिकवायचे. पगारातून बाजूला काढून त्यांनी एक दुर्बीण घेतली होती, आणि पाऊस उघडला की संध्याकाळी ते ती खांद्यावर टाकून तुंगार्लीच्या वरच्या माळावर जायचे. बायको गेल्यावर घरात त्यांची आई शालूबाई आणि मुलगी प्रेरणा एवढीच माणसं उरली होती. आईचे डोळे म्हातारपणी गेले. मोतीबिंदू असेल, असं सगळे धरून चालले आणि एक दिवस आईही गेली.

सरांचा जीव एका ताऱ्यावर होता. हंस नावाच्या तारकासमूहात एक अंधुक तारा आहे. माणसानं अंतर मोजलेला तो पहिला तारा. तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला अकरा वर्षं लागतात. हे अंतर कसं काढलं, तो धडा सर दरवर्षी मन लावून शिकवायचे. अंगठा डोळ्यासमोर धरायचा, आधी एक डोळा मिटून बघायचं, मग दुसरा. मागच्या फळ्यावर अंगठा इकडून तिकडं सरकलेला दिसतो. जवळ असेल तर जास्त सरकतो, लांब असेल तर कमी. डोळ्यांमधलं अंतर ठाऊक असलं की बाकीचं गणित. ताऱ्यासाठी मात्र दोन डोळ्यांमधली बोटभर जागा पुरत नाही. म्हणून आज एकदा बघायचं आणि सहा महिन्यांनी, पृथ्वी सूर्याच्या पलीकडे पोचली की पुन्हा बघायचं. तरीही तो तारा सरकतो किती? लोणावळ्याच्या फलाटावर उभं राहून कामशेतच्या फलाटावरचं नाणं बघावं, तर ते जेवढं दिसेल तेवढाच. मुलं हसायची. एवढं कुणाला दिसतंय, म्हणायची. दिसलं म्हणून तर कळलं, असं सर म्हणायचे.

तरुणपणी हा तारा त्यांना माळावरून नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. मग खाली बंगले झाले, बंगल्यांना पोहायचे तलाव झाले, तलावांभोवती मोठे दिवे लागले. तारे कमी होत चालले. सरांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिले, नगरपरिषदेत खेटे घातले. माळाच्या अगदी खालचा बंगला इब्राहिम सांभाळायचा. मालक मुंबईला असायचा. सर त्याच्याशी फाटकात उभे राहून भांडले. तुमच्यामुळं आकाश आंधळं झालं, असंही बोलून गेले.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी बंगला रिकामा होता. इब्राहिमनं सगळे दिवे मालवले आणि तो स्वतः माळावर चढून आला. शेजारच्या बंगल्याच्या माळ्यालाही त्यानं सांगून ठेवलं होतं. माळ खरंच काळोखात बुडाला.

"आता दिसतंय का, सर?"

सर बराच वेळ वर बघत राहिले. हंसाचे ठळक तारे होते. मधली जागा मोकळी होती.

"न्हाई. लोणावळ्याचा उजेड असंल."

इब्राहिमनं मान वर केली. सरांनी सांगितलेल्या खुणेवर तो नजर फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "बारीकसा हाय की, सर. पंखाच्या खालच्या अंगाला. तुमाला न्हाई दिसत?"

सरांनी दुर्बिणीला उजवा डोळा लावला. तिच्यातून तारा स्पष्ट दिसला. वय झालं, चष्मा बदलायला हवा, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्गात तो धडा आला. सरांनी अंगठा धरला, मुलांनी धरला. डावा डोळा मिटा. मिटला. आता उजवा. सरांनी उजवा मिटला आणि अंगठा गेला. फळा गेला, पहिला बाक गेला. एका कडेला खिडकीचा राखाडी तुकडा तेवढा उरला. मुलं पुढची सूचना येण्याची वाट बघत अंगठे धरून बसली होती. सरांनी उजवा डोळा उघडला, पुन्हा मिटला. मग खडू खाली ठेवून ते खुर्चीत बसले.

पुण्यातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो दुखत नाही, कडेकडेनं नजर खात येतो आणि शेवटी मधलंही घेतो. एका डोळ्याचं कमी पडलं की दुसरा सांभाळून घेतो, म्हणून माणसाला कळत नाही. दुर्बिणीला कायम उजवाच डोळा लावलेला, त्यामुळं डावा कधी गेला याचा पत्ताच नव्हता. गेलेलं परत येत नाही. उजव्यालाही सुरुवात झाली होती. हा रक्तातून उतरतो, घरात कुणाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा सरांना आईचं बोलणं आठवलं. शालूबाई म्हणायची, "अमृता, मला कडंचं दिसत न्हाई रं, मधलंच दिसतंय." आणि दरवेळी सर तिला म्हणायचे, वय झालंय, आई.

इब्राहिमकडं जाऊन ते एवढंच म्हणाले, "दिव्यांचा दोष नव्हता." इब्राहिमनं त्यांना बसायला खुर्ची दिली. दिव्यांचाही होता थोडा, असं तो म्हणाला, पण त्यानं सरांचं मन हलकं झालं नाही.

सरांनी दुर्बीण शाळेला देऊन टाकली. ती प्रयोगशाळेच्या कपाटावर आहे. उजव्या डोळ्याची नजर आता नळीतून बघावं तेवढी उरली आहे. त्यातून एखादा तारा दिसतो, पण शेजारचे दिसत नाहीत, आणि शेजारचे दिसल्याशिवाय तो कुठला ते ओळखता येत नाही. तो धडा आता दुसरे सर घेतात.

प्रेरणा वराळ्याच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी करते. तपासायला चल म्हणून सरांनी तिच्यामागं वर्षभर लकडा लावला. ती गेली, तेव्हा तिच्याही डोळ्यातला दाब वाढलेला निघाला. लवकर सापडलंय, थेंब चुकवले नाहीत तर नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. सरांनाही उजव्या डोळ्याबद्दल त्यांनी दोन वर्षांपूर्वी असंच धीर देऊन सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर प्रेरणा आधी वडिलांच्या डोळ्यात थेंब घालते. मग स्वतःसाठी मान मागं टाकते. तेव्हा सर भिंतीला हात लावत उठतात आणि बाहेर जाऊन बसतात.