मागच्या ब्रेकची तार

आम्ही पन्नाशी ओलांडलेले पाच-सहा जण रविवारी सायकलने तोरणमाळचा घाट चढतो. आमच्यात सगळ्यांत वडील असे एक गृहस्थ आहेत. चढताना अवाक्षर बोलत नाहीत, पण माथ्यावर प्रत्येकाचा ब्रेक स्वतः दाबून पाहिल्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. मला ते खुपायचं. मी काय लहान आहे?

परवा माझ्या मागच्या ब्रेकची तार तुटायला आलेली निघाली. त्यांनी स्वतःच्या सायकलची काढून मला बसवली. मी विचारलं, तुम्ही कसे उतरणार?

"मी पायी येस. घरमा सर्वा तुन्ही वाट देखी ऱ्हायनात. माले काय घाई शे?"

बाकीचे गेले. मी पायथ्याशी थांबलो. दोन तासांनी ते सायकल हाताशी धरून चालत आले, आणि कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय हे पाहून ओशाळले.