त्यांना सांग

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. घरी आम्ही पावरी बोलतो, मराठी मी आश्रमशाळेत शिकलो. अशा मुलानं दुसऱ्या माणसाबद्दल लिहायला बसावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शिवाय जिच्याबद्दल लिहितोय, तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. पण लिहिलं नाही तर ती चूक माझ्यापाशीच राहील, म्हणून लिहितो.

भाभी म्हटलं की मला साबणाचं पाणी आठवतं. नंदुरबारला गॅस शेगड्यांच्या एका दुकानात मी दुपारनंतर कामाला होतो, तिथलं काउंटर भाभी सांभाळायच्या. तिथं काउंटरवर स्टीलच्या वाटीत फेस आणि दाढीचा एक जुना ब्रश कायम असायचा. ब्रश त्यांच्या गेलेल्या यजमानांचा. शेगडीला नळी जोडली की भाभी तो फेसात बुडवून जोडावर फिरवायच्या आणि नाक जवळ नेऊन बघत राहायच्या. बुडबुडा आला नाही की गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायच्या, "हां, आता बोला."

दोन-तीन वर्षांपासून आमच्याकडे बार्बेक्यूच्या गॅस शेगड्या येऊ लागल्या होत्या. सुरतेला, पुण्याला राहून आलेली मुलं आई-वडिलांना घेऊन यायची. दोनच प्रकार होते. एक टेबलावर ठेवायची लहान, दुसरी चाकांची मोठी, तीन बर्नरची, वर झाकण. कुठली घ्यावी हे कुणालाच कळत नसे. भाभींचे तीन प्रश्न ठरलेले. "एका वेळी किती जण खाणार? ठेवणार कुठे? आणि घासणार कोण?" तिसऱ्या प्रश्नाला भाभी सोबत आलेल्या बाईकडे बघत. बाप आणि मुलगा दोघंही छताकडे बघायला लागत. मग भाभीच म्हणायच्या, "लहानच न्या."

भाभी जैन. घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. पण कंपनीचं पुस्तक त्यांना पाठ होतं. कोंबडीचं नाव त्या तोंडात आणत नसत. "मक्याला झाकण उघडं, मध्यम आच. आणि 'त्याला' झाकण बंद, मधेमधे उलटायचं." एकदा एकानं मुद्दाम विचारलं, "भाभी, 'ते' म्हणजे काय?" भाभी म्हणाल्या, "तुम्ही आणायला जाल तेव्हा दुकानदार सांगेल."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एखाद्या गोष्टीतलं सगळं माहीत असतं आणि ती गोष्ट त्यांनी कधी केलेली नसते. भाभींनी ती शेगडी एकदाही पेटवली नव्हती. पेटवून दाखवायची ती दुकानापुढच्या ओट्यावर, उघड्यावर, आणि त्यांच्या घरच्या सुनेनं ओट्यावर उभं राहायचं नाही अशी रीत होती. म्हणून पेटवायचो मी. त्या आतून सांगायच्या, "आधी झाकण उघड, भैया. झाकण बंद ठेवून कधी पेटवायचं नाही. आत गॅस साठतो."

दुसरी रीत जेठांपुढची. जेठ म्हणजे त्यांचे थोरले दीर, दुकानाचे मोठे शेठ. चार वाजता त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की भाभींचा पदर हनुवटीपर्यंत खाली यायचा आणि बोलणं थांबायचं. जेठांशी सरळ बोलायचं नाही. मग मी मधे. पदराआडून हळूच आवाज यायचा, "भैया, त्यांना सांग, नळीचा माल संपलाय." शेठ दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे, त्यांना ऐकू आलेलं असायचं, तरी मी पुन्हा सांगायचो. शेठ म्हणायचे, "तिला सांग, उद्या येईल." मला सुरुवातीला हसू यायचं. भाभी म्हणाल्या, "तू बरा आहेस. तू आपल्या मनाचं काही घालत नाहीस." खरं तर मला बोलायचीच भीती वाटायची.

घर दुकानाच्या वरच. जिना मागून. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, गल्लीकडची खिडकी खिळे मारून बंद. "वर गेलं की संपलं, भैया," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "इथे निदान माणसं दिसतात."

भाभी गिऱ्हाइकं परत पाठवायच्या. उघडी जागा नसेल तर शेगडी विकायच्या नाहीत. शेठना ते कळत होतं. एक दिवस त्यांनी मला सांगितलं, "तिला सांग, अजून एक गिऱ्हाईक परत गेलं तर उद्यापासून वर बसायचं." मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. भाभींनी ब्रश वाटीत ठेवला, एवढंच.

त्याच आठवड्यात म्हसावदचे एक केळीवाले पाटील बायकोला घेऊन आले. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी नंदुरबारात फ्लॅट घेतला होता. त्यांना मोठी शेगडी हवी होती. "आमनी गॅलरीले काच शे. हाई तठे चाली ना?" तेवढ्यात स्कूटर वाजली. पदर खाली आला. शेठ आत येत म्हणाले, "का नाही चालणार? एक काच थोडी सरकवा, झालं. पोरं खूश."

माझ्या मागून आवाज आला. "भैया, त्यांना सांग. बंद गॅलरीत नाही. माणसं झोपेतच जातील."

मी शेठकडे बघितलं. शेठ माझ्याकडे बघत होते. मनात मी वाक्य जुळवत होतो, मराठीत जुळवू की हिंदीत, आणि कुठून सुरू करू. पाटील खिशात हात घालत होते.

"भैया, सांग ना."

मी नाही सांगितलं.

मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला. भाभींनी पदर मागे केला. शेठ समोरच होते, पण त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या, पाटलांच्या बायकोकडे बघत होत्या. "ताई, ही घरात पेटवू नका. मळ्यात न्या, नाहीतर घेऊच नका."

पाटलीणबाई नवऱ्याचा हात धरून उठल्या. शेठनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "शटर अर्धं खाली घे."

दुसऱ्या दिवशी भाभींच्या स्टुलावर रेग्युलेटरचे खोके होते. वाटी होती, ब्रश नव्हता. मी परीक्षेपर्यंत तिथं काम केलं. वरून भांड्यांचा आवाज यायचा. मागच्या जिन्यापर्यंत मी दोनदा गेलो आणि परत आलो.

गेल्या महिन्यात विसरवाडीला बसची वाट बघत होतो. कुणीतरी हाक मारली. त्याच पाटलीणबाई. म्हणाल्या, शेगडी घेतली, पण मळ्यात ठेवली आहे. मी भाभींचं विचारलं. पाटलीणबाई पेढे घेऊन वर भाभींच्या घरी गेल्या होत्या. बाईमाणसाला कोण अडवणार. भाभी स्वयंपाकघरातच होत्या, आता खाली दुकानात येत नाहीत.

"दोनच गोष्टी इचार्‍या तिनी," पाटलीणबाई म्हणाल्या. "पेटाडताना झाकण उघडं ठेवतस ना? आनि तो पोऱ्या आत्ते बोलस का?"