मागच्या चाकातली हवा

८ डिसेंबर २०२४, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे. या वेळेबद्दल मी आजवर कुणाशीही बोललेले नाही. तुम्हाला सांगते आहे — जमेल तसे.

मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी.; आमच्या डोंबिवलीच्या सायकल गटात टायरांची जबाबदारी माझ्याकडे. मानपाड्याच्या रस्त्यांवर ट्रकच्या फाटक्या टायरांतल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. म्हणून शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सायकली माझ्या घरी येतात. हवेचा दाब मी वहीत लिहिते, पहाटे पुन्हा मोजते. उतरला असेल, तर टायर उघडून आतून कापसाचा बोळा फिरवायचा. तार असेल तिथे कापूस अडकतो. तार काढायची, ट्यूब बदलायची. दहा मिनिटांचे काम — फक्त दहा.

जिल्हा संघात एकच जागा उरली होती. दावेदार दोघी: मी आणि मोहने गावची प्रज्ञा — माझी मैत्रीण, चढावर माझ्यापेक्षा सरस. तिचे टायर हलके, पातळ. मी जाड टायर सुचवले, तर म्हणाली, "मॅडम, शर्यतीला चाललेय मी, दळण आणायला नाही!" सगळे हसले. मीही. ते मनाला लागले होते का? लागले असेल. पण खरे कारण ते नव्हे — मला ती जागा हवी होती.

संध्याकाळी तिच्या मागच्या चाकात दाब नव्वद होता. पहाटे मी तो पुन्हा मोजला, वहीत लिहिला — आणि पंप लावून परत नव्वद केला. टायर उघडला नाही.

"झालं का गं?" प्रज्ञाने दारातून विचारले.

"हो. ओके आहे."

अकराव्या किलोमीटरला तिचे चाक बसले. मी शेजारून पुढे गेले. जागा मला मिळाली.

"हिचं ऐकायचं होतंस," सगळे तिला म्हणाले. तिलाही ते पटले. आता ती जाड टायर वापरते, चढावर मागे पडते — आणि प्रत्येक शर्यतीआधी सायकल माझ्याच दारात लावते. "तू बघितलंस ना, मग मला टेन्शन नाही." नको म्हणू? कारण काय देऊ? मी चाक हातात घेते, दोनदा मोजते, तीनदा मोजते. लिहीत मात्र नाही.

वही आजही टेबलावर असते. प्रज्ञाने ती कधी उघडलेली नाही. शेवटची नोंद त्याच पहाटेची: प्रज्ञा, मागचे चाक — ७१.