पाटीवर अप्पांचं नाव नव्हतं

मित्रांनो, दुपारपासून घास उतरत नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आज आईला घेऊन बालाघाटाच्या डोंगरातल्या जुन्या लोखंडाच्या कारखान्यावर गेलतो. दाट झाडीत धबधबा आणि त्याला लागूनच लोखंड वितळवायची, विटांनी बांधलेली भट्टी. इथं ऊस गाळायचे लोखंडी चरक ओतले जायचे. मी पाळण्यात असताना माझे वडील, अप्पा, याच भट्टीवर वितळलेलं लोखंड अंगावर सांडल्यानं गेले. त्यानंतर आई इकडं कधी फिरकली नाही. पण आता तिथं लोक फिरायला येतात, माहितीची पाटी लावलीय, हे कळल्यावर तीच म्हणाली, "मला घेऊन चल."

आईला वाचता येत नाही. पाटीपुढं उभं राहून तिनं विचारलं, "ह्यात तुझ्या अप्पाचं नाव कुठं हाय?"

पाटीवर कारखाना काढणाऱ्या शेठचं नाव होतं, भट्टीची उंची होती. कामगारांपैकी कुणाचंच नाव नव्हतं.

मी तिचं बोट धरून एका ओळीवर टेकवलं. "हे बघ, इथं."

तिनं पदरानं त्या ओळीवरची धूळ पुसली. शेजारी फोटो काढणाऱ्या कॉलेजच्या मुलीला म्हणाली, "आमच्या ह्यांचं नाव हाय. वाच की, बाई."

मुलीनं पाटी वाचली. माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे भरून आलते.

"हो आजी," ती म्हणाली, "आहे."

येताना आई रस्ताभर अप्पांबद्दल बोलत होती. इतकं बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. आता म्हणतेय, "रविवारी नातवंडांला घेऊन जाऊ. त्यांला मोठ्यानं वाचू दे."

सांगा, आता मी काय करू?