इंगळेकाकांची दिवाळी सफाई

शेजारच्या इंगळेकाकांनी आमच्या घराची बेल कधी वाजवली नाही. फाटकाची कडी दोनदा आपटायची, आणि आपण "कोण?" म्हणेपर्यंत काका संगणकासमोरच्या खुर्चीत बसलेले. खिशात चष्मा, काखेत सीडींची रेक्झिनची पिशवी. पहिलं वाक्य ठरलेलं, "मास्तर, अंदरकी खबर आहे. नवी सिस्टीम येऊन राह्यली."

ही नवी सिस्टीम खामगावात चार वर्षं नुसती येतच होती. तिच्यात कधी कीबोर्डच नसणार होता, कधी बोललेलं आपोआप मराठीत उमटणार होतं. एक तारखेपासून जुने संगणक सुरूच होणार नाहीत, ही खबर तर वर्षातून दोनदा यायची. खबरेचा उगम म्हणजे अकोल्यात संगणकाच्या क्लासमध्ये शिकवणारा त्यांचा भाचा. एक तारीख उजाडायची, आमचा संगणक नेहमीसारखा कुरकुरत सुरू व्हायचा आणि काका न ओशाळता म्हणायचे, "तारीख पुढं ढकलली त्यायनं." डोकं उठायचं माझं. पण कॉलनीत घरी संगणक असणारी आम्ही पाच-सहा घरं आणि तो अडला तर धावून येणारा माणूस एकच, त्यामुळे ऐकून घ्यावं लागायचं.

काका कोर्टातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले. संगणकाच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी ते जमवायचे. त्यांत फुकटचे प्रोग्रॅम असत. व्हायरस धरणारे, फोटो लहान करणारे, पुसलेल्या फायली परत आणणारे. "फुकट आहे म्हनून हलकं समजू नका, मास्तर. हवा बी फुकटच आहे," असं म्हणत ते आमच्या संगणकात एकेक घालत जायचे. सहामाहीची माझी प्रश्नपत्रिका चुकून पुसली गेली होती, ती त्यांनीच अशा एका प्रोग्रॅमने परत काढून दिली. हे कबूल केलंच पाहिजे.

दिवाळीच्या आठवडाभर आधी घरोघरी डबे घासले जात, जळमटं निघत. तेव्हा काका संगणक साफ करायला निघायचे. ब्रशने आतली धूळ, मग सीडी घालून आतला कचरा. कोणी बोलावण्याची वाट ते पाहत नसत. मंदा, माझी बायको, त्यांना चहाबरोबर पहिल्या घाण्यातली शेव द्यायची. त्यांचा तो मानच होता.

त्या वर्षी मंदाचा एम.फिल.चा प्रबंध संपत आला होता. कापसाच्या जिनिंग कारखान्यात सरकी वेचणाऱ्या बायकांवर. तीन वर्षं ती त्या बायकांच्या घरी जाऊन वह्या भरत होती, त्यांतच प्रकरणं कच्ची लिहून काढत होती आणि शाळेत शिकवून आल्यावर संगणकावर टाइप करत होती. एकदा मुदत वाढवून घेतली होती. आता दिवाळीनंतर महिन्याभरात प्रबंध पोचला नाही तर नोंदणीच रद्द.

मंदा धाड गावची. तिच्या माहेरी सोनं कपाटात ठेवत नाहीत, ज्वारीच्या कोठीत तळाशी ठेवतात. काम पुरं होईपर्यंत कोणाची नजर नको, म्हणून तिने प्रबंधही तसाच ठेवला होता. पत्त्यांच्या आणि मोटारींच्या गेमच्या फोल्डरमध्ये, अगदी आत. मलासुद्धा हे ठाऊक नव्हतं. फ्लॉपीवर प्रत ठेव, असं मी म्हणालो होतो, पण नव्या सिस्टीममध्ये फ्लॉपी चालणारच नाही, असं काकांनी तिच्या मनात पक्कं भरवलेलं.

आम्ही दोघंही शाळेत होतो. घरी माझी आई होती. संध्याकाळी परतलो तर काका खुशीत खुर्चीवर. "सारे गेम काढून टाकले, मास्तर. त्यायनंच मशीन जड झाली होती. अन् नवा प्रोग्रॅम आनला, पुसलेलं पुन्हा कोनालेच सापडत नाही असं पुसते. फुकटात!"

मंदाने पिशवी खाली ठेवली आणि गेमचं फोल्डर शोधू लागली. मग ती तिथेच फरशीवर बसली.

काकांनी पिशवीतल्या साऱ्या सीडी घालून पाहिल्या. काहीच परत आलं नाही. "सूनबाई, मले काय माहीत व," एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. मी भडकलो होतो. चार वर्षांचा वैताग एकदम बाहेर पडला. "तुम्हाला बोलावलं कोणी होतं? पुन्हा या घराची पायरी चढू नका!" आईने दिलेली शेव तशीच बशीत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून शेजारून खडखड ऐकू येऊ लागली. काकांनी पलंगाखालचा जुना मराठी टाइपरायटर काढला होता. मंदाने कुंपणावरून वह्या दिल्या, हे तिने मला आठवड्याने सांगितलं. सकाळी सुरू झालेली खडखड दिवेलागणीला थांबायची. भाऊबीजेलाही ती चालूच होती. वह्यांतलं अक्षर लागलं नाही की ते कुंपणाशी येऊन मंदाला विचारायचे आणि ती जागच्या जागी वाक्य नीट करून सांगायची. मी आतून ऐकत असे. बाहेर गेलो नाही.

मुदतीच्या चार दिवस आधी फाटकाची कडी दोनदा वाजली. काका बाहेरच उभे, हातात दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. बोटांना चिकटपट्ट्या. "सूनबाईले द्या. तीन प्रती आहेत, कार्बन लावून. ह्या मशीनले सिस्टीम बदलाचं भेव नाही."

प्रबंध वेळेत पोचला, मंजूरही झाला. मंदा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेली. मी गेलो नाही.

त्यानंतर तीन वर्षं काका आमच्याकडे येत राहिले, पण फाटकापर्यंतच. कडी वाजवायची आणि तिथूनच सांगायचं, "मास्तर, नवी सिस्टीम येऊन राह्यली, यावेळी पक्कं." मी ओट्यावरून "हो का?" म्हणायचो. "आत या" हे दोन शब्द रोज ओठांवर यायचे. वाटायचं, त्यांनीच एकदा यावं, मी काय अडवणार आहे थोडाच? म्हातारा माझं बोलणं इतकं धरून बसला म्हणून मलाच त्यांचा राग यायचा.

पावसाळा सरता सरता काका अकोल्याला दवाखान्यात गेले आणि तिथेच वारले. तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा घर आवरून जाताना रेक्झिनची पिशवी घेऊन आला. "बाबांनी तुम्हाले द्याले सांगितलं," म्हणाला. मी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. आत येणं इतकं सोपं होतं.

पिशवीत वरच एक नवी सीडी होती. झाकणावर काकांनी टाइपरायटरवर टाइप केलेला कागद चिकटवलेला. 'मास्तरांसाठी. पुसण्याआधी तीनदा विचारते. फुकट.'

मंदाने तो कागद वाचला. मग म्हणाली, "तुम्ही एकदा तरी 'या' म्हणायचं होतं हो."

दिवाळीला आठ दिवस होते आणि तिने सवयीने शेवेचा पहिला घाणा बाजूला काढून ठेवला होता.